समोरच्या बाजूला कोण होतं तेही छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात गेले काही रविवार 'व्यक्ती आणि समाज' या विषयावर वाचकांची पत्रं येतायत, ती मी सगळी वाचली. सगळ्यांचा सूर एकच. एक शहाणा माणूस असतो, त्याच्याभोवती अडाणी समाज असतो, समाज त्याला छळतो, मग तो मरतो आणि मग तोच समाज त्याचा पुतळा उभा करतो. सॉक्रेटिस झाला, तुकाराम झाले, आगरकर झाले, रखमाबाई झाल्या, नाव बदललं की पत्र तयार. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे आणि ते लांबणार आहे, कात्री लावायची तर लावा पण टिळकांचा भाग कापू नका एवढी विनंती.

मी आयुष्यभर कोर्टात बेंच क्लार्क होतो, आता रिटायर होऊन घरी बसून पेपर वाचतो. कोर्टाच्या फायलीवर दोन नावं असतात, वारस दाखल्याचे अर्ज वगैरे सोडले तर. वादी असतो तसा प्रतिवादी असतो, फौजदारीत एका बाजूला सरकार असतं पण दुसऱ्या बाजूला आरोपीचं नाव, बापाचं नाव, वय, धंदा, राहणार अमुक पेठ असं सगळं लिहिलेलं असतं. आणि आपण शाळेत, भाषणात, पेपरात इतिहास सांगायला लागलो की फायलीवरचं दुसरं नाव गायब. त्या जागी 'समाज' म्हणून लिहायचं आणि मोकळं व्हायचं. आता शिपायाने दारात येऊन 'समाऽज हाजिर हैऽ' असा पुकारा केला तर पॅसेजमधून उठून आत कोण येणार? कुणीच नाही, सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघणार.

सॉक्रेटिसचंच बघा. त्याला अथेन्सच्या समाजाने मारलं म्हणतात. त्याच्यावर फिर्याद होती तीन माणसांची, मेलेटस, अनायटस आणि लायकॉन. पाचशेच्या आसपास पंच होते आणि मतं मोजल्यावर सॉक्रेटिस स्वतःच म्हणाला की तीसएक मतं इकडची तिकडं झाली असती तर मी सुटलो असतो. म्हणजे दोनशेच्या वर लोकांनी त्याच्या बाजूने मत दिलं होतं. मग ते दोनशे समाजात धरायचे का नाही? त्यांचं नाव कुठल्या पत्रात आलं?

आता रखमाबाई. एका ताईंनी लिहिलंय 'समाजाने त्यांना कोर्टात खेचले'. समाजाने नाही हो खेचलं, दादाजी भिकाजी नावाच्या माणसाने 1884 साली मुंबई हायकोर्टात दावा लावला की माझी बायको नांदायला येत नाही, तिला माझ्याकडं पाठवा. लग्न झालं तेव्हा रखमाबाई 11 वर्षांच्या, संसार कधी झालाच नाही, आईकडं आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडं राहिल्या, शिकल्या, आणि कळत्या वयात म्हणाल्या की हा नवरा मला मान्य नाही. सप्टेंबर 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दादाजीचा दावा फेटाळला. फेटाळताना ते म्हणाले की बायकोला जबरदस्तीने नांदायला पाठवायचा असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाहीच मुळी, तो इंग्लंडातून इकडं आणलाय. खरंच होतं ते, इंग्लंडमध्ये असले दावे पूर्वी चर्चच्या कोर्टात चालायचे. म्हणजे धर्म बुडाला म्हणून पुण्यामुंबईत एवढी ओरड झाली ती चर्चमधून आलेला दावा वाचवायला झाली. ओरडणाऱ्यांना हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही, निकालात छापलेलं होतं.

पुढं अपील झालं, प्रकरण परत खाली आलं, मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याभरात नवऱ्याकडं जा नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या कैद चालेल. शेवटी 1888 मध्ये दादाजीला 2000 रुपये देऊन तडजोड झाली, कोर्टातल्या भाषेत सांगायचं तर पुरसीस दाखल झाली आणि फाईल बंद. मग त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी नोकरी केली. तुमच्या सदराशी संबंध आहे म्हणून हेही सांगतो की 1885 मध्ये त्यांनी टाइम्स ऑफ इंडियाला पत्रं लिहिली होती, बालविवाहावर आणि विधवांच्या हालावर, खाली नाव न घालता 'एक हिंदू स्त्री' म्हणून. आपण सगळे पत्रलेखक त्याच लाइनीत उभे आहोत, लई मागं उभे आहोत ती गोष्ट वेगळी.

पण मी सांगत होतो दादाजीचं. त्याने 1887 मध्ये आपली बाजू इंग्रजीत पुस्तिका काढून छापली होती. त्याचं म्हणणं असं की हे सगळं मिळकतीसाठी चाललंय, रखमाबाईला वडिलांकडून आलेली मिळकत घरातल्या लोकांना सोडायची नाही म्हणून तिला पाठवत नाहीत. रखमाबाईंनी त्यालाही जाहीर उत्तर दिलं. आता मी काय दादाजीच्या बाजूचा नाही. मला तो माणूस आवडत नाही, आणि मुलगी नको म्हणतीय तर विषय तिथंच संपला पाहिजे होता. तरी पण त्याचं म्हणणं वाचलं की एकदम उजेड पडतो, कारण भांडण धर्माचं नसून मिळकतीचं आहे हे तो स्वतःच बोलून गेलाय. हे रखमाबाईंच्या बाजूचं कुठलंही भाषण ऐकून कळणार नाही, विरुद्ध पार्टीची कैफियत वाचल्यावरच कळतं. कोर्टात कच्चा वकील फक्त आपल्या पक्षकाराचे कागद वाचतो आणि पक्का वकील आधी समोरच्याचे वाचतो, हे मी रोज बघितलंय.

आणि हा दावा काय इतिहासजमा झाला असं नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम 9 आजही आहे, बोलताना सगळे 'नांदायचा दावा' म्हणतात. 1983 ला आंध्र हायकोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं, 1984 ला सुप्रीम कोर्टाने परत वैध ठरवलं. आता कैद नाही, हुकूम मोडला तर फार तर मिळकत जप्ती. माझ्या बेंचसमोर असे दावे भरपूर आले, बहुतेक वेळा बायकोने पोटगी मागितली की उलटा जबाब म्हणून लावलेले. त्या फायलीत पण 'समाज' नव्हता. नवरा होता, सासू होती, मध्यस्थी करणारे चुलते होते, आणि 'लोक काय म्हणतील' म्हणणारी एक मोठी बहीण असायचीच.

आता टिळक. रखमाबाईंच्या प्रकरणात केसरी उघड उघड त्यांच्या विरोधात होता हे जगजाहीर आहे. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा आला, मुलीचं शरीरसंबंधाला संमतीचं वय 10 चं 12 करायचं एवढंच त्यात होतं, त्यालाही टिळकांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं काय होतं ते एकाही पत्रात आलं नाही. ते म्हणत होते की परक्या सरकारने कायदा करून आमच्या धर्मात हात घालू नये, सुधारणा लोकांनी स्वतः करावी, आणि त्यांनी सुधारकांना उलटा प्रस्ताव दिला की चला, मुलीचं लग्न 16 च्या आत आणि मुलाचं 20 च्या आत करणार नाही असं आपण स्वतःला बांधून घेऊ. सुधारकांना पेचात पकडायचं होतं म्हणा, खरंच मनात होतं म्हणा, पण असा प्रस्ताव होता. मला विचाराल तर टिळक चुकीच्या बाजूला होते. बारा वर्षांच्या आतल्या मुलीला संरक्षण द्यायला परकं सरकार का आपलं सरकार हा वाद घालायचा नसतो. पण निव्वळ अडाणीपणा नव्हता तो, विचार करून घेतलेली बाजू होती, म्हणून तर जास्त चिंता वाटते.

याच काळात दुसरीकडं काय चाललेलं बघा. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं, व्याख्यानानंतर चहा बिस्कीट आलं, कोण प्यायलं, कोणी नुसता कप हातात घेतला. तिथं रानडे होते, गोखले होते आणि टिळक पण होते. आनंदीबाई जोशांचे मिस्टर गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची यादीच 'पुणे वैभव' पेपरात छापून आणली. झालं, ग्रामण्य उभं राहिलं. ख्रिश्चनांच्या हातचा चहा घेतला म्हणून बहिष्कार, शंकराचार्यांनी नेमलेल्या पंचांपुढं सुनावणी, प्रायश्चित्ताचा वाद, घरच्या कार्याला भटजी मिळायची मारामार. टिळकांनी शास्त्राचे आधार काढून आपली बाजू मांडली आणि काशीला प्रायश्चित्त घेतलंय म्हणून सांगितलं. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं, त्यावरून त्यांचेच सुधारक मित्र त्यांच्यावर नाराज झाले.

म्हणजे एकाच सुमारास हा एकच माणूस चहाच्या प्रकरणात आरोपी आणि संमतिवयाच्या प्रकरणात फिर्यादी पक्षाचा पुढारी. एका फायलीत धर्माच्या नावाने त्याला त्रास देतायत, दुसऱ्या फायलीत धर्माच्या नावाने तोच उभा आहे. सांगा आता, टिळकांना 'व्यक्ती' मध्ये टाकायचं का 'समाज' मध्ये?

आणि 1908 ला तर परत उलटं. राजद्रोहाचा खटला, मुंबई हायकोर्ट, न्यायमूर्ती दावर, नऊ ज्युरर, त्यात सात युरोपियन, निकाल सात विरुद्ध दोन, 22 जुलैला सहा वर्षांची शिक्षा. हेच दावर 1897 च्या खटल्यात टिळकांचे वकील म्हणून जामीन मागायला उभे होते. शिक्षेच्या निषेधाला मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस हरताळ केला, वर्षाला एक दिवस या हिशोबाने. आता या फायलीत टिळक एकटे आणि कामगारांची गर्दी त्यांच्या बाजूने. रखमाबाईंच्या फायलीतले टिळक आणि ही फाईल एकाच कपाटात ठेवायची आपली तयारी नाही, म्हणून आपण एक फाईल उघडतो आणि दुसरी तळाला सरकवून देतो, जसा माणूस असेल तशी. टिळकभक्त 1908 उघडतात, टिळकांवर राग असलेले 1887 उघडतात.

पुराणात पण हेच आहे, फक्त आपण नीट वाचत नाही. कर्णाबद्दल बोललं की मराठी वाचकाच्या डोळ्यात पाणी येतं, त्याच्या अंगणात जाऊन कर्णाविरुद्ध बोलायची सोय नाही. शस्त्रविद्येच्या रंगभूमीवर कृपाचार्य त्याला कूळ विचारतात आणि तो मान खाली घालतो, तिथं कूळ विचारून त्याला एकटं पाडलं, बरोबर. पण द्यूतसभेत काय झालं? द्रौपदीने प्रश्न विचारला की स्वतःला हरलेला माणूस मला पणाला लावू शकतो का. चोख कायद्याचा प्रश्न आहे बघा, पणाला लावणाऱ्याला मुळात तो हक्क होता का. भीष्म म्हणाले धर्म सूक्ष्म आहे, म्हणजे निकाल राखून ठेवला. विकर्ण एकटा उठला, दुर्योधनाचा सख्खा भाऊ, आणि म्हणाला हे चूक आहे. त्याला गप्प कोणी केलं? कर्णाने. वयाने लहान आहेस, धर्म कळत नाही तुला असं झापलं, द्रौपदीला वाट्टेल ते बोलला, आणि तिची वस्त्रं काढायला सांगणाराही तोच. ज्याचं तोंड एका सभेने कूळ विचारून बंद केलं तोच दुसऱ्या सभेत दुसऱ्याचं तोंड बंद करतोय. आणि तो विकर्ण, एवढं बोलून पुढं युद्धात कुठं गेला? कौरवांकडूनच लढला, भीमाच्या हातून मेला, आणि भीमालाही त्याचं वाईट वाटलं. व्यासांनी कुणालाच कायमचं एका बाजूला बसवून ठेवलेलं नाही.

मृच्छकटिक तर आमच्या कोर्टवाल्यांनी वाचायलाच पाहिजे. देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणलं तेव्हापासून आपल्याला त्यातली पदं माहितीयत, पण मूळ शूद्रकाच्या नाटकातला नववा अंक म्हणजे अख्खं कोर्ट आहे. वसंतसेनेचा गळा दाबणारा शकार, राजाचा मेहुणा, तोच फिर्याद घेऊन येतो की खून चारुदत्ताने केला. न्यायाधीश आधी म्हणतो आज वेळ नाही, शकार म्हणतो राजाला सांगून तुझी बदली करतो, लगेच फिर्याद दाखल! (बदलीची धमकी तेव्हापासून आहे हे वाचून मला तर बरं वाटलं.) न्यायाधीशाला मनातून माहिती आहे की चारुदत्त असं करणार नाही, पण पुरावा विरुद्ध जातोय, दागिने सापडतात, मग तो म्हणतो दोषी का निर्दोष ते ठरवणं आमचं काम, पुढचं राजाचं. ब्राह्मणाला देहदंड नाही, हद्दपार करा अशी शिफारस पण करतो. राजा पालक म्हणतो सुळावर द्या. मग सांगा चारुदत्ताला कोणी मारायला काढलं? खोटं बोलणाऱ्या शकाराने, का पुरावा मोजणाऱ्या न्यायाधीशाने, का राजाने, का त्या न्यायाधीशाच्या शेजारी बसून जबान्या लिहून घेणाऱ्या कायस्थाने? तो कायस्थ म्हणजे मी. त्याला नाटकात स्वतःचं असं मत जवळजवळ नाहीच, साहेब म्हणतील ते लिहायचं. प्रत्येक कोर्टात असा एक असतो आणि 'समाज' म्हणताना त्याला कुणी मोजत नाही.

आता आपल्या गावाचं बोलतो. सोलापूरकर म्हणून आपण 1930 चं मार्शल लॉ अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली, गिरण्या बंद पडल्या, 8 मे ला रूपाभवानीकडं शिंदीची झाडं तोडण्यावरून गर्दी आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेले. मग गर्दी पेटली. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली, दोन पोलीस मारले गेले, कोर्टावर पण हल्ला झाला. काही दिवस इंग्रज सरकार गावात नव्हतंच म्हणा ना. मग मार्शल लॉ लागलं ते जूनअखेरपर्यंत, गांधी टोपी घालायची चोरी झाली. आणि मग खटला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे, चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी.

हजारोंची गर्दी होती आणि फाशी चौघांना. का? कारण कायद्याला गर्दीला शिक्षा देता येत नाही, त्याला नाव लागतं, बापाचं नाव लागतं, राहणार कुठं ते लागतं. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मारवाडी, एक मराठा. आज आपण म्हणतो बघा कसा सर्वधर्मीय लढा होता, आणि होताच. पण सरकारच्या बाजूने विचार करून बघा, पुढारी कोण हे ठरवून नावं काढायची होती. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचा पेपर चालवायचे, कामगारांत बोलायचे. लिहिणाऱ्या बोलणाऱ्या माणसाचं नाव यादीत पहिल्यांदा येतं, कारण ते छापलेलं असतं, बाकीच्यांची नावं कुठं छापलेली असतात?

म्हणजे 'व्यक्ती विरुद्ध समाज' हे पुष्कळदा कायद्याने केलेलं रूप आहे. मुळात ती गर्दी विरुद्ध सरकार अशी गोष्ट असते, फायलीत आली की चार माणसं विरुद्ध सरकार होते. आणि महाडला बरोब्बर उलटं झालं. चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च 1927 चा, पण नगरपालिकेने 1924 मध्येच तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता, कायदा बाबासाहेबांच्या बाजूने होता. डिसेंबरमध्ये दुसरा सत्याग्रह ठरला तेव्हा समोरच्यांनी कोर्टात जाऊन तळं खाजगी आहे म्हणून दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम आणला. त्या दाव्यात बाबासाहेब प्रतिवादी होते! हे किती जणांना माहितीय? आणि स्वतः बॅरिस्टर असल्याने त्यांनी मनाई हुकूम मोडला नाही, तळ्यावर गेले नाहीत, मनुस्मृती जाळली आणि तळ्याची लढाई कोर्टात लढले. दहा वर्षं. 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न द्यायची वहिवाट अनादी काळापासून चालत आलीय हे वाद्यांना शाबीत करता आलं नाही. निकाल देणाऱ्या बेंचवर न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते. हे तेच, 1922 मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे, आणि देताना सरकारने ही शिक्षा पुढं कमी केली तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही असं म्हणणारे. एकाच जजच्या नावावर दोन फायली आहेत. त्यांना इंग्रजी सत्ता म्हणून एका रंगात रंगवायचं म्हटलं तर ब्रश कुठला घ्यायचा?

पण माझा मुद्दा महाडच्या वाद्यांचा. त्यांना 'सवर्ण समाज' म्हणून सोडून देऊ नका. दाव्यावर त्यांची नावं आहेत, त्यांच्या जबान्या झाल्या, पूर्वापार असंच चालत आलंय हे त्यांनी शपथेवर सांगितलं आणि पुराव्याला ते टिकलं नाही. 'पूर्वापार' या गोष्टीची उलटतपासणी झाली की काय होतं ते यातून मुलांना जेवढं कळेल तेवढं नुसत्या 'समाज मागासलेला होता' म्हणून कळणार नाही.

आपल्या जिल्ह्यातलं पंढरपूर तर डोळ्यापुढं आहे. चोखोबा मंगळवेढ्याचे, पंढरपूरला समाधी आहे ती देवळाच्या बाहेर, नामदेव पायरीजवळ. सहाशे वर्षांनी 1 मे 1947 ला साने गुरुजी मंदिर अस्पृश्यांना खुलं करा म्हणून उपोषणाला बसले, 10 मे ला बडव्यांनी, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांनी, कबूल केलं आणि उपोषण सुटलं. आपण पोरांना एवढंच सांगतो, गुरुजी थोर, बडवे वाईट. पण मंदिर उघडायच्या आधी देवाचं तेज घागरीत काढून नेलं असं अजूनही सांगतात, काही घरांनी पुढं कित्येक वर्षं दर्शनाला जायचं सोडलं असंही सांगतात. ती माणसं देवाला मानणारीच होती ना? त्यांना काय वाटत होतं, कशाची भीती होती, उत्पन्नाची का विटाळाची का मानाची? कारण उत्पन्नाचा विषय पुढं राहिलाच. 1973 च्या कायद्याने बडवे उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क गेले, भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, शेवट लागला जानेवारी 2014 मध्ये. उपोषण दहा दिवसांचं, दावा चाळीस वर्षांचा. आपण दहा दिवसांवर भाषणं करतो आणि चाळीस वर्षांच्या कागदांना कुणी हात लावत नाही.

माझी नात यंदा वक्तृत्व स्पर्धेची तयारी करतीय, साने गुरुजींवर बोलणार आहे. मी तिला म्हटलं तू बडव्यांचा वकील होऊन बोल. ती म्हणाली आजोबा परीक्षक नंबर काढतील का माझा? खरंय तिचं, नाही काढणार. रखमाबाईंचा नंबर येतो, दादाजीचा येत नाही. पण संपादक साहेब, ज्या पोराला दहा मिनिटं दादाजी होऊन बोलायला लावलं त्याला उद्या घरात बहिणीच्या लग्नाचा विषय निघाल्यावर स्वतःच्या तोंडून कुणाचं वाक्य बाहेर पडतंय ते पटकन ओळखता येईल, एवढं मी खात्रीने सांगतो. नुसत्या रखमाबाई पाठ केलेल्या पोराला वाटतं की आपण जन्मतःच त्यांच्या बाजूला आहोत.

काही वाचक म्हणतील मग काय दोन्ही बाजू सारख्याच का? अजिबात नाही. फायलीवर दोन नावं असतात म्हणून निकाल बरोबरीचा लागत नाही, कोर्टात एक हरतो. दादाजी चूक, शकार चूक, द्यूतसभेतला कर्ण चूक, महाडचे वादी चूक. मला ते चूक आहेत हे पुराव्यानिशी सांगायचंय, आणि ते सांगायला आधी त्यांची नावं आणि म्हणणं रेकॉर्डवर यायला पाहिजे. एकतर्फी निकाल अपिलात टिकत नाही हे कुठलाही ज्युनियर वकील सांगेल.

तर तुम्हाला प्रत्यक्ष विनंती अशी आहे. दरवर्षी 12 जानेवारीला तुम्ही चार हुतात्म्यांवर पान काढता, चार फोटो, खाली चार परिच्छेद, पुतळ्याला हार घातल्याची बातमी. यंदा त्या पानावर खटल्याचं पण छापा. मंगळवार पेठेत मेलेल्या त्या दोन पोलिसांची नावं छापा, ते पण कुणाचे तरी नवरे, बाप असतील. सरकारी वकील कोण होते, बचावाचे कोण होते, साक्षी कुणी दिल्या आणि उलटतपासणीत काय निघालं, जजने पुरावा कसा मोजला, हे जुन्या रेकॉर्डमधून काढायला एखादा तरुण वार्ताहर लावा, गावात वकील मंडळी आहेत, इतिहासाचे प्राध्यापक आहेत, मदत करतील. जुनी मोडी किंवा कोर्टाची इंग्रजी अडली तर मी फुकट वाचून देतो, चष्म्याचा नंबर वाढलाय पण सकाळच्या उजेडात अजून वाचता येतं. आणि पानावर जागा नाही म्हणू नका, त्याच आठवड्यात गड्ड्याच्या जत्रेच्या जाहिराती असतात, त्यातल्या दोन आतल्या पानावर ढकला.

आपला,
एक निवृत्त बेंच क्लार्क,
सोलापूर